पृथ्वीच्या पोटातील सहल

वाचकहो, हा लेख वाचण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करून पाहावा, अशी आपणांस विनंती आहे. घरातील मुलांनाही सोबत घ्यावे. चौसष्ट सेंटिमीटर लांबीची एक दोरी घेऊन तिचे एक टोक अंगणात किंवा गच्चीवर बोटाने दाबून धरावे, दुसऱ्या टोकास खडू बांधावा आणि दोरी ताणून एक पूर्ण वर्तुळ काढावे. हे वर्तुळ म्हणजे आपली पृथ्वी. तिच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचे अंतर ६,३७१ किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या चित्रातील एक सेंटिमीटर प्रत्यक्षातील शंभर किलोमीटरांबरोबर झाला. आता त्याच मध्यबिंदूपासून पस्तीस सेंटिमीटरांचे दुसरे आणि बारा सेंटिमीटरांचे तिसरे वर्तुळ काढावे. सर्वांत आतले वर्तुळ हा पृथ्वीचा अंतर्गाभा, त्याभोवतीचे कडे हा बाह्य गाभा आणि त्याबाहेरचा रुंद पट्टा म्हणजे प्रावरण होय.

राहता राहिले भूकवच, ज्यावर आपण घरे बांधतो, शेते नांगरतो आणि धरणे उभारतो. भूखंडांखाली त्याची सरासरी जाडी पस्तीस-चाळीस किलोमीटर असते. आपल्या चित्रात ती चार मिलिमीटरांहून अधिक भरणार नाही. बाहेरच्या वर्तुळाची खडूची रेघच जवळजवळ तेवढी जाड असेल!

या रेघेत मनुष्य कितीसा खोल गेला आहे? कर्नाटकातील कोलार येथील सोन्याच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. तेथील चँपियन रीफ या खाणीत कामगार तीन किलोमीटरांहून अधिक खोल उतरत असत. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग ही खाण सुमारे चार किलोमीटर खोल आहे. तेथे खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या वर जाते, म्हणून बर्फ खाली पाठवून हवा थंड करावी लागते. आपल्या चित्रात ही खोली अर्ध्या मिलिमीटरापेक्षाही कमी आहे. १९६९ साली मनुष्य पावणेचार लाख किलोमीटरांहून दूर असलेल्या चंद्रावर उतरला. परंतु स्वतःच्या पायाखाली मात्र त्याला खडूच्या रेघेची जाडीही ओलांडता आलेली नाही.

मग आतल्या वर्तुळांविषयी आपण एवढ्या निश्चयाने कसे बोलतो? आणि जेथे कोणी कधी गेले नाही, कोणी जाण्याचा संभवही नाही, तो प्रदेश भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला शिकवावा तरी कसा? आज संगणकाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना पृथ्वीच्या पोटात फिरवून आणण्याची सोय झाली आहे. या सहलीचा लाभ कोणता आणि तिच्यात धोका कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

भूकंपांनी दाखविलेली वाट

कुंभाराकडून मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. आत डोकावून न दिसणारी चीर तिला आवाजावरून कळते. शास्त्रज्ञांनी पृथ्वीची परीक्षा याच रीतीने केली. फक्त टिचकी मारण्याचे काम भूकंपांनी केले.

या विद्येचा आरंभ आपल्या देशाशी निगडित आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँग व आसपासच्या विस्तीर्ण प्रदेशातील दगडविटांच्या इमारती कोसळून पडल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाचा अतिशय बारकाईने अभ्यास केला. दूरदूरच्या वेधयंत्रांवर उमटलेल्या नोंदी तपासताना त्यांना असे आढळले की, भूकंपाच्या लहरी तीन प्रकारच्या असतात आणि त्या निरनिराळ्या वेळी येऊन पोहोचतात. सर्वांत आधी येणाऱ्या त्या प्राथमिक लहरी, त्यांच्यामागून येणाऱ्या त्या दुय्यम लहरी आणि शेवटी भूपृष्ठावरून सरकत येणाऱ्या पृष्ठलहरी. पुढे १९०६ साली ओल्डहॅम यांनी या लहरींच्या प्रवासाच्या वेळेवरूनच पृथ्वीला एक वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले.

त्यानंतर एकामागून एक दालने उघडत गेली. क्रोएशियातील आंद्रिया मोहोरोविचिच यांना १९०९ सालच्या एका भूकंपाच्या नोंदींवरून भूकवचाची खालची सीमा सापडली. १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेहमान या विदुषीने गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असला पाहिजे, असे प्रतिपादन केले. न्यूझीलंडमध्ये १९२९ साली झालेल्या भूकंपाच्या लहरी, जेथे त्या यावयास नकोत अशा ठिकाणी, क्षीणपणे का होईना, उमटल्या होत्या. त्यांचा उलगडा करताना त्यांना हे सत्य गवसले. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या प्रावरणातून जातात, परंतु बाह्य गाभ्यापाशी अडतात. यावरून प्रावरण घन आहे आणि बाह्य गाभा द्रवरूप आहे, हे सिद्ध झाले.

१९७० च्या दशकानंतर संगणकांचे बळ वाढले, तसे हजारो भूकंपांच्या नोंदी एकत्र करून पृथ्वीच्या अंतरंगाचे त्रिमितीय नकाशे तयार होऊ लागले. इस्पितळात रोग्याच्या शरीराची चोहोबाजूंनी छायाचित्रे घेऊन आतील अवयवांचे चित्र जुळवितात, त्याचाच हा प्रकार. तथापि असा नकाशा सपाट कागदावर पाहणे म्हणजे एखाद्या वाड्याची कल्पना त्याच्या एकाच भिंतीवरून करण्यासारखे आहे. त्याच्या आत शिरता आले तर?

गुहेतील वर्ग

ही इच्छा पूर्ण करणारी एक खोली १९९२ साली अमेरिकेत शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात तयार झाली. तिच्या तीन भिंतींवर आणि जमिनीवर संगणकाची चित्रे पडत. विशिष्ट चष्मा लावून आत उभ्या राहणाऱ्यास ती चित्रे भिंतीवर न दिसता सभोवतालच्या अवकाशात तरंगताना दिसत आणि मान वळवावी तसे दृश्यही वळत असे. या खोलीला तिच्या निर्मात्यांनी 'केव्ह' म्हणजे 'गुहा' असे नाव दिले. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने वर्णिलेल्या गुहेची त्यामागे आठवण आहे. त्या गुहेतील बंदिवान भिंतीवरील सावल्यांनाच सत्य समजत असत. नाव देणाऱ्यांनी कौतुकाबरोबर एक इशाराही दिला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत भूभौतिकीच्या प्राध्यापिका लुईस केलॉग (१९५९-२०१९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती भूविज्ञानाच्या सेवेला जुंपली. भूकंपांची केंद्रे, प्रावरणातील प्रवाह, खाली बुडणारे भूपट्ट यांच्या मधोमध उभे राहून संशोधक व विद्यार्थी ते न्याहाळू लागले. पुढे डोळ्यांवर चढवावयाची उपकरणे स्वस्त झाली. २०१४ पासून तर पुठ्ठ्याच्या चौकटीत मोबाइल बसवूनही असा देखावा पाहता येऊ लागला. ज्या महाविद्यालयाला महागडी खोली परवडणार नाही, तेथेही ही सहल त्यामुळे पोहोचू शकते.

या तंत्राला मराठीत आपण 'आभासी' असे विशेषण लावतो. 'आभास' म्हटले की मनात खोटेपणाची छटा येते. पण पृथ्वीच्या अंतरंगाच्या बाबतीत ती सर्वस्वी न्याय्य नाही. डोंगराच्या आभासी दर्शनापेक्षा प्रत्यक्ष डोंगर चढणे केव्हाही श्रेयस्कर. पण अंतर्गाभ्याला प्रत्यक्ष भेट देण्याचा पर्यायच आपल्यापुढे नाही. तेथे मनःचक्षूंवाचून गती नाही. प्रश्न एवढाच आहे की, मनःचक्षूंपुढे उभे राहणारे चित्र पुराव्याने बांधलेले आहे की चित्रकाराच्या लहरीने.

कोयनेपासून केंद्रापर्यंत

एखादा शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अशा सहलीला निघाला आहे, अशी कल्पना करू या. आरंभाचे ठिकाण म्हणून त्याने सातारा जिल्ह्यातील कोयनेचा परिसर निवडला आहे. या निवडीला कारण आहे. कोयना धरणात १९६२ सालापासून पाणी साठू लागले. त्यानंतर त्या भागात भूकंपाचे धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ परिमाणाचा मोठा भूकंप होऊन दीडशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. जलाशयाचा भार व खडकांत झिरपणारे पाणी भूकंपांना निमित्त कसे होते, याचा शोध घेण्यासाठी तेथे खोल विंधनविवरे खणण्यात आली आणि त्यासाठी कऱ्हाड येथे एक स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन झाली.

सहल सुरू होते. पहिला सुमारे एक किलोमीटर काळा कातळ लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिलेल्या लाव्ह्याचा हा खडक. त्याच्या खाली त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइटच्या जातीचा खडक येतो. 'हे आपणांस कसे कळले?' असे शिक्षक विचारतो. उत्तर सोपे आहे. विवरातून वर आणलेले खडकाचे तुकडे प्रयोगशाळेत ठेवलेले आहेत. कोणीही त्यांना हात लावून पाहावे.

तीन किलोमीटरांवर २०१७ साली पूर्ण झालेल्या विवराचा तळ लागतो. येथे शिक्षक सर्वांना थांबवितो. 'यापुढे या ठिकाणचा खडक कोणी पाहिलेला नाही,' असे तो बजावतो. दृश्य मात्र पूर्वीइतकेच स्पष्ट आणि झळझळीत असते. हीच जागा सावध राहण्याची आहे.

सुमारे चाळीस किलोमीटरांवर भूकवच संपते. ही सीमा भूकंपलहरींच्या वेगात एकाएकी होणाऱ्या वाढीवरून ओळखलेली. ४१० आणि ६६० किलोमीटरांच्या आसपास खनिजांची अंतर्गत रचना बदलते. प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये खनिजाचा सूक्ष्म कण दाबून व तापवून तेथील परिस्थिती निर्माण करतात आणि हा बदल पडताळून पाहतात. हजार किलोमीटरांच्याही खाली भारतीय उपखंडाच्या पोटात निळ्या रंगाचे विशाल पट्टे दिसू लागतात. भारतीय भूखंड दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला भिडला, तत्पूर्वी या दोहोंमध्ये टेथिस नावाचा सागर पसरला होता. त्या सागराचा खाली बुडालेला तळ तो हाच, असे अनुमान लहरींच्या वेगावरून केले जाते. ज्याची शिंपल्यांची अवशेषरूप नाणी हिमालयाच्या शिखरांवर विखुरली आहेत, त्या सागराची तळजमीन आपल्या पायांखाली आहे, हे पाहून कोणता विद्यार्थी थक्क होणार नाही?

२,८९० किलोमीटरांवर प्रावरण संपून वितळलेल्या लोखंडाचा सागर सुरू होतो. होकायंत्राच्या सुईला उत्तर दाखविणारे पृथ्वीचे चुंबकत्व याच सागराच्या हालचालींतून उपजते. ५,१५० किलोमीटरांवर घन अंतर्गाभा येतो आणि अखेरीस केंद्र. तापमान पाच ते सहा हजार अंश, म्हणजे जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाइतके. दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या सुमारे छत्तीस लाख पट. आणि गुरुत्वाकर्षण सर्व बाजूंनी सारखेच असल्यामुळे वजन मात्र शून्य!

या प्रवासात पृथ्वीचे थर बदलले, तसे आपल्या ज्ञानाचे प्रकारही बदलले. आधी हाताने जाणलेले, मग लहरींनी जाणलेले, मग प्रयोगशाळेतील साम्यावरून जाणलेले आणि शेवटी या सर्वांच्या आधारे तर्काने बांधलेले. ज्या विद्यार्थ्याला हे चार प्रकार वेगळे ओळखता आले, त्याचीच सहल सफळ झाली.

रंग कोणी दिला?

पाठ्यपुस्तकांतील चित्रांत प्रावरण बहुधा नारिंगी किंवा तांबडे रंगविलेले असते. परिणामी खाली सर्वत्र लाव्ह्याचा समुद्र असून आपण त्यावर तरंगत आहोत, अशी समजूत असंख्य मुलांची आणि मोठ्यांचीही झालेली आढळते. ती चुकीची आहे. प्रावरण अतिशय तप्त आहे हे खरे. पण तो प्रायः घन खडकच आहे. डांबराचा गोळा हातोडीने फोडला तर त्याचे तुकडे होतात. तोच दीर्घकाळ ठेवून दिला तर हळूहळू पसरतो. प्रावरणही असेच, भूकंपाच्या क्षणिक धक्क्याला घन आणि कोट्यवधी वर्षांच्या हिशेबाने वाहणारे. त्याचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात तितपत.

आणि त्याचा रंग? कच्छमध्ये काही ज्वालामुखी खडकांत हिरवट रंगाचे गोळे अडकलेले सापडतात. लाव्हा वर येताना त्याने प्रावरणातील खडकाचे जे तुकडे ओढून आणले, ते हे होत. त्यांतील मुख्य खनिज ऑलिव्हीन हिरवे असते. ज्या वस्तूला आपण चित्रात नारिंगी रंगवितो, तिचा हातात घेतलेला तुकडा हिरवा निघतो!

आभासी सहलीत हा धोका शतगुणित होतो. कागदावरचे चित्र हे चित्र आहे, याचे भान सुटत नाही. परंतु आपण स्वतः ज्या धगधगत्या समुद्रात उभे राहिलो, तो खोटा होता हे मनाला पटविणे कठीण. शास्त्रीय नकाशांतील तांबडा आणि निळा हे रंगही असेच फसवे ठरू शकतात. तांबडा म्हणजे लहरी मंद, निळा म्हणजे लहरी जलद, एवढाच त्यांचा अर्थ. पुष्कळदा हा फरक शेकडा एकदोन इतकाच असतो. तांबडा भाग उष्ण असेल, किंवा कदाचित त्याचे घटकद्रव्यच वेगळे असेल. यंत्राने वेग मोजला. उष्णता आपण अनुमानिली. रंग तर केवळ सोयीसाठी भरला.

कोलाचा धडा

हे अंतर विसरल्यास काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण रशियाच्या वायव्य टोकास घडले. कोला द्वीपकल्पावर १९७० साली एक विवर खणण्यास प्रारंभ झाला आणि १९८९ साली ते १२,२६२ मीटर खोल गेले. आपल्या अंगणातील चित्रात हे अंतर सव्वा मिलिमीटर होईल. विवराची रुंदी अवघी वीतभर! लहरींच्या वेगावरून तज्ज्ञांनी असे भाकीत केले होते की, सुमारे सात किलोमीटरांवर ग्रॅनाइट संपून बेसाल्ट लागेल. विवर तेथे पोहोचले, त्याहूनही पुष्कळ खाली गेले. पण बेसाल्ट आलाच नाही. दाब व उष्णतेने रूपांतरित झालेला, भेगा पडलेला ग्रॅनाइटच मिळाला आणि त्या भेगांत पाणी होते. तळाशी तापमान शंभर अंशांच्या आसपास अपेक्षित होते, ते १८० अंश निघाले.

लहरी खोटे बोलल्या नव्हत्या. वेगातील बदल खराच होता. त्या बदलाला 'बेसाल्ट' हे नाव मनुष्याने दिले होते. पुढील चित्रे दुरुस्त झाली, हे विज्ञानाचे थोरपण. परंतु जो विद्यार्थी चित्रालाच वस्तू समजतो, त्याला दुरुस्तीची गरजच भासत नाही.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. आदल्या रात्री गणेशविसर्जन करून निजलेल्या माणसांवर मातीत रचलेल्या जड दगडी भिंती कोसळल्या आणि सुमारे दहा हजार जीव गेले. नकाशावरील सौम्य रंग ही निसर्गाने दिलेली हमी नव्हती. तोपर्यंतच्या नोंदींचा तो सारांश होता. आज वर्गात बसलेला विद्यार्थी उद्या धरणाची जागा, पुलाचा पाया किंवा वस्तीचा आराखडा यांविषयी सल्ला देणार आहे. रंगामागची नोंद पाहण्याची सवय त्याला विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे.

तीन प्रश्न

म्हणून या नव्या साधनाचे स्वागत करताना त्याच्याबरोबर तीन प्रश्न जोडून द्यावेत, असे सुचवावेसे वाटते. दृश्याच्या प्रत्येक मुक्कामी विद्यार्थ्याने विचारावे: येथे प्रत्यक्ष मोजलेले काय? त्यावरून अनुमानिलेले काय? आणि केवळ दाखविण्याच्या सोयीसाठी रंगविलेले काय? ज्या सहलीत या प्रश्नांची उत्तरे मिळतात, ती शंभर व्याख्यानांचे काम करील. ज्या सहलीत ती मिळत नाहीत, ती कितीही भव्य असली तरी जत्रेतील देखाव्याच्याच योग्यतेची समजावी. आपल्या घरातील मुले मोबाइलच्या पडद्यावर असे काही पाहत असतील, तर पालकांनीही त्यांच्या शेजारी बसून हेच तीन प्रश्न विचारावेत. त्यासाठी भूविज्ञानाची पदवी लागत नाही.

आता पुन्हा अंगणातील वर्तुळाकडे येऊ. मुलांच्या हाती खडू देऊन त्यांना सांगावे की, माणसाने हाताने स्पर्श केलेला भाग या चित्रात दाखवा. बाहेरच्या रेघेची कडा तेवढी त्यांना गिरवता येईल. बाकी सारे वर्तुळ मोकळेच राहील. त्या मोकळ्या जागेत काय आहे, हे पाताळात न उतरता, दूरच्या यंत्रांवर उमटलेल्या लहरींच्या नोंदी वाचून माणसाने पुष्कळसे शोधून काढले. ते त्याने कसे शोधले, एवढे मुलांना समजले, तर पुढे कोणत्याही चित्रापुढे ती नुसती थक्क होऊन उभी राहणार नाहीत. त्याचा आधार विचारतील.